बागेतील मातीलाही भूतकाळ असतो

गृहसंकुलात बाग करावयाचे ठरले की सभासदांच्या चर्चेला बहर येतो. झोपाळे किती असावेत, घसरगुंडी कोठे बसवावी, ज्येष्ठांसाठी बाक कोणत्या झाडाखाली ठेवावेत, चालण्याचा मार्ग फरशीचा असावा की विटांचा, यावर तासन्‌तास खल होतो. दात्याच्या नावाची पाटी कोठे लावावी, याचाही विचार होतो. व्यापारी कुटुंबांतील सभासद असले म्हणजे प्रत्येक वस्तूचा भाव तीन ठिकाणांहून मागविला जातो. एवढ्या साऱ्या चौकशीत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ज्या मातीवर ही बाग उभी राहणार, ती माती आली कोठून? आणि बाग होण्यापूर्वी त्या जागेवर काय होते?

दुकानात माल उतरवून घेताना जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून समाधान मानीत नाही. पोत्याच्या पोटातला दाणा काढून तो तळहातावर घेतो आणि मगच सौदा पक्का करतो. ज्या मातीत घरची लहान मुले बसतात, लोळतात आणि तीच बोटे तोंडात घालतात, त्या मातीची पारख मात्र वरच्या हिरवळीवरूनच केली जाते. हिरवळ हा मातीच्या शुद्धतेचा पुरावा नव्हे. शिशासारखा विषारी धातू मुरलेल्या जमिनीवरही दूर्वा तितक्याच टवटवीत उगवू शकतात.

बाल्टिमोरच्या परसबागा

शहरी बागांच्या मातीकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील एका अभ्यासामुळे. हॉवर्ड मिल्के या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह तेथील परसबागांची माती तपासली आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या रक्तात आढळणारे शिसे जुन्या घरांच्या रंगांतून येते, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. भिंतीवरील रंगाचे पापुद्रे सुटतात, मुले ते तोंडात घालतात, असे कारण सांगितले जाई. ते खोटे नव्हते. परंतु अपुरे होते. सर्वाधिक शिसे आढळले ते शहराच्या मध्यभागातील बागांत, आणि तेथील बरीचशी घरे तर रंग न लावलेल्या विटांची होती. शहराच्या मध्यापासून जसजसे दूर जावे, तसतसे मातीतील शिसे कमी होत गेलेले दिसले.

या कोड्याचे उत्तर रस्त्यावर होते. १९२० च्या दशकापासून मोटारींच्या इंजिनाचा खडखडाट थांबविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले जात असे. ते शिसे धुराबरोबर बाहेर पडे आणि आसपासच्या मातीवर बसे. जेथे वाहनांची गर्दी अधिक, तेथे मातीतील शिसेही अधिक. मध्यवस्तीतील ज्या कुटुंबांनी मोठ्या हौसेने अंगणात भाजी लावली होती, त्यांच्याच वाफ्यांत ही धूळ वर्षानुवर्षे साचत गेली होती.

पुढे अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींसाठी असे पेट्रोल १९९६ पासून पूर्णपणे बंद झाले. भारतात ते २००० साली थांबले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया. तेथे २०२१ साली ही विक्री संपली. धूर थांबला, म्हणून माती मात्र आपोआप स्वच्छ झाली नाही. शिसे कुजत नाही, जळत नाही, पावसाबरोबर सहजासहजी वाहूनही जात नाही. ते मातीच्या कणांना धरून बसते आणि जमीन कोणी उकरली नाही तर वरच्या काही इंचांतच दशकानुदशके राहते. नेमक्या याच थरावर मुले खेळतात.

चिमूटभर मातीचा हिशेब

माती कोणी ताटात वाढून खात नाही, मग तिच्यातील धातू शरीरात जातो कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर लहान मुलांच्या सवयीत आहे. एक ते सहा वर्षांची मुले जमिनीवर बसतात, खेळणे खाली टाकून पुन्हा तोंडात घालतात, बोटे चोखतात. अशा रीतीने एका मुलाच्या पोटात दिवसाला सुमारे १०० मिलिग्रॅम माती व धूळ जाते, असा अमेरिकी पर्यावरण संस्थेचा ढोबळ अंदाज आहे. ही चिमूटही नव्हे, चिमटीचा अंश झाला.

आता हिशेब मांडून पाहू. मातीत शिशाचे प्रमाण ४०० पीपीएम, म्हणजे दर किलोमागे ४०० मिलिग्रॅम आहे असे समजू. त्या मातीचे १०० मिलिग्रॅम पोटात गेले, तर त्याबरोबर ४० मायक्रोग्रॅम शिसे जाते. आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु मुलांच्या रक्ताची तपासणी करताना अमेरिकेत २०२१ पासून जी संदर्भ पातळी धरतात, ती दर डेसिलिटर रक्तात अवघी ३.५ मायक्रोग्रॅम आहे. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. थेंबाथेंबाने जमा होणारी ही बाकी आहे आणि ती खात्यातून लवकर वजा होत नाही.

मुलांच्या बाबतीत ती अधिक वेगाने जमा होते. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका भाग प्रौढांच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलांच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. शरीर शिशाला कॅल्शियमचा भाऊबंद समजते आणि हाडांत व दातांत साठवून ठेवते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. परिणाम बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चित्त एकाग्र होत नाही, चिडचिड वाढते, आणि घरातील मंडळी त्याला दोष देत राहतात. गर्भवती मातेच्या हाडांत पूर्वी साठलेले शिसे रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचू शकते. प्रौढांमध्ये रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असावे, असा अंदाज वर्तविला आहे. हे सारे शिसे बागेतून येते असे मुळीच नाही. जुन्या बॅटऱ्यांची भट्टी, भेसळीची हळद, काही भांडी, काही रंग असे त्याचे अनेक मार्ग आहेत. माती हा त्यांपैकी एक मार्ग आहे; परंतु इतर मार्गांनी बाहेर पडलेले बरेचसे विष शेवटी येऊन विसावते, तेही मातीतच.

आपल्या शहरांतील माती

आपल्या शहरांत बागेची माती दूषित होण्याची कारणे थोडी निराळी आहेत. पहिले कारण जागेचा इतिहास. जेथे एके काळी गिरणी, रंगाचा कारखाना, गॅरेज, पेट्रोल पंप किंवा भंगाराची वखार होती, तेथे आज उंच इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी हिरवळ दिसते. जमिनीचे खरेदीखत बदलते, नकाशा बदलतो, वस्तीचे नावही बदलते. जमिनीत मुरलेले तेल आणि धातू मात्र नव्या मालकाच्या नावावर मुकाट्याने चढतात.

दुसरे कारण भराव. बागेसाठी ट्रक भरून येणारी 'लाल माती' कोणत्या खाणीतून, शेतातून की पाडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून आली, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. पाडकामाच्या डेब्रिजमध्ये जुन्या रंगांचे पापुद्रे, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे तुकडे आणि तारांचे अवशेष असू शकतात. त्यावर चार इंच माती पसरली की सारे झाकले जाते.

तिसरे कारण रंग. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. बागेतील लोखंडी झोपाळे, जिने आणि कुंपणे रंगविताना कंत्राटदाराने कोणता डबा उघडला, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. रंगाचे पोपडे सुटून झोपाळ्याखालच्या मातीत मिसळतात, आणि तीच जागा मुलांच्या पायांनी उकरली जाते.

सजीव दूषणही विसरून चालणार नाही. वाळूच्या खड्ड्यात कुत्र्या-मांजरांची विष्ठा पडली, तर तिच्यातील जंतांची अंडी दीर्घकाळ टिकतात. पावसाळ्यात उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा कटू अनुभव घेतला आहे. पायाला जखम असताना अशा चिखलात अनवाणी फिरणे टाळणे हाच शहाणपणा होय.

बाग सोडावयाची नाही, माती सुधारावयाची

हे सारे वाचून मुलांना घरात कोंडून ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात आल्यास तो चुकीचा ठरेल. मोकळी हवा, सावली, धावणे-खेळणे आणि शेजाऱ्यांच्या गाठीभेटी यांचे मोल मोठे आहे. सकाळी फेरी मारणाऱ्या प्रौढाला बागेच्या मातीपासून फारसा धोका नसतो. मुख्य काळजी आहे ती उघड्या मातीची आणि त्या मातीत खेळणाऱ्या लहानग्यांची. तिच्यावर उपाय आहेत आणि ते अनेक ठिकाणी यशस्वी झाले आहेत.

बाल्टिमोरचा अभ्यास करणाऱ्या मिल्के यांनीच पुढे न्यू ऑर्लिन्स शहरात काही पाळणाघरांच्या अंगणांत एक साधा उपाय करून पाहिला. जुनी माती खणून दूर नेण्याऐवजी तिच्यावर पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरले आणि त्यावर मिसिसिपी नदीने वाहून आणलेल्या स्वच्छ गाळमातीचा सुमारे अर्ध्या फुटाचा थर दिला. खालची माती तेथेच राहिली. मुलांचा तिच्याशी संबंध तुटला. नॉर्वेनेही याच विचाराने आपल्या मोठ्या शहरांतील बालवाड्यांच्या अंगणांची माती तपासण्याची आणि जेथे गरज आहे तेथे ती बदलण्याची मोहीम हाती घेतली.

न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन पाहण्यांची तुलना २०१९ साली प्रसिद्ध झाली. मातीतील शिशाचे मध्यमान ९९ वरून ५४ पीपीएमवर आले होते आणि मुलांच्या रक्तातील शिशाचे मध्यमान ३.६ वरून १.२ मायक्रोग्रॅमवर. शिशाचे पेट्रोल आणि रंग बंद होणे, इतर सुधारणा आणि स्वच्छ माती या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. मातीतील शिसे घटले, त्याबरोबर मुलांच्या रक्तातील शिसेही घटले, हे त्यातून दिसले.

सिएटल शहरातील गॅस वर्क्स पार्कची कथाही बोधप्रद आहे. तेथे १९०६ ते १९५६ या काळात दगडी कोळसा आणि तेलापासून गॅस तयार होत असे. कारखाना बंद पडल्यावर १९७५ साली त्या जागी उद्यान खुले झाले. दूषित मातीत सेंद्रिय पदार्थ मिसळून सूक्ष्म जीवांकरवी डांबरी द्रव्यांचे विघटन घडवून आणण्याचा प्रयोग रिचर्ड हाग या रचनाकाराने केला होता. तरीही १९८४ साली तपासणीत दूषण आढळले आणि उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले. नंतर मातीचे आच्छादन आणि भूजलशुद्धी यांवर वर्षानुवर्षे काम करावे लागले. उद्यान आजही लोकप्रिय आहे. पण तेथील मातीवर लक्ष ठेवणे कधीच थांबलेले नाही.

मुंबईकरांना यासाठी दूर जावयास नको. धारावी आणि माहीमच्या मधोमध, मिठी नदीच्या काठी, जेथे एके काळी शहराचा कचरा टाकला जाई, तेथे सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे १९८३ साली पहिले झाड लागले आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. या दोन वर्षांमधील अंतरच पुष्कळ सांगून जाते. कचऱ्याच्या भूमीचे वन व्हावयास एक दशक लागते; एका पावसाळ्यात हिरवळ अंथरून ते होत नाही.

परसबाग आणि खत

गच्चीवर किंवा अंगणात भाजी लावण्याची आवड वाढते आहे. येथेही थोडा विवेक हवा. शिसे झाडाच्या फळापर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी, वाल, दुधी यांसारख्या फळभाज्या तुलनेने सुरक्षित मानल्या जातात. पालेभाज्यांवर धूळ आणि मातीचे कण चिकटतात. जमिनीखाली वाढणाऱ्या कंदांचा तर मातीशी थेट संबंध. अनेक जैन घरांत जमीनकंद मुळातच वर्ज्य असल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. पालेभाजी मात्र नीट निवडून, तीनचार पाण्यांनी धुऊनच घ्यावी.

जमिनीच्या इतिहासाविषयी शंका असेल तर थेट तिच्यात भाजी न लावता फूटभर उंचीचे वाफे बांधून त्यांत खात्रीची माती भरावी. रस्त्याला लागून असलेल्या बाजूस भाजीऐवजी दाट कुंपणवेल लावावी. मोहरीची झाडे जमिनीतील धातू शोषून घेतात, हे संशोधनातून दिसले आहे; परंतु ही प्रक्रिया अतिशय मंद असते, आणि त्या झाडांची पाने किंवा दाणे खाणे म्हणजे शोषलेले विष पुन्हा ताटात वाढणे होय.

खताची निवडही पारखून करावी. शहराच्या मिश्र कचऱ्यापासून केलेल्या खतात बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, रंगांचे डबे यांचा अंश उतरू शकतो. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. सुट्या गोणीतील खत घेताना त्याचा तपासणी अहवाल मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे घरीच केलेले खत सर्वांत भरवशाचे.

तपासणी कशी करावी

शेतकऱ्यांना मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका उपयुक्त असली तरी या कामास पुरेशी नाही. तिच्यातील बारा घटक पिकाच्या पोषणाशी संबंधित आहेत; त्यांत शिसे नाही. म्हणून एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम अशा धातूंची स्वतंत्र तपासणी नावानिशी मागावी लागते. पूर्वी कारखाना किंवा पेट्रोल पंप असलेल्या जागेत तेल व डांबरी द्रव्यांचीही तपासणी करावी.

नमुना घेताना खेळण्याच्या जागेतील वरचा दोन इंचांचा थर आणि भाजीच्या वाफ्यातील अर्ध्या फुटापर्यंतची माती घ्यावी. एकाच ठिकाणची माती न घेता आठदहा ठिकाणची थोडी थोडी घेऊन मिसळावी. झोपाळ्याखालची, रस्त्याकडेची आणि जुन्या भिंतीलगतची माती मात्र वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावी. स्वच्छ मातीत शिसे साधारणतः १० ते ५० पीपीएम असते. अमेरिकेत निवासी जागेसाठी चौकशीची पातळी पूर्वी ४०० पीपीएम होती. २०२४ साली ती २०० वर आणण्यात आली. अहवाल वाचताना हे आकडे मार्गदर्शक ठरतील.

भारतानेही जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले आहेत. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यावी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी करावी आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यावा, अशी त्यात तरतूद आहे.

घरी आणि दुकानात

काही सवयी विनाखर्चाच्या आहेत. बागेतून आल्यावर आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत. पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढण्याची आपली रीत रस्त्यावरची धूळ घरात येऊ देत नाही. उंच इमारतींतील घरांतही ती मोडू नये. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मुलांच्या आहारात दूध, नाचणी, तीळ, कडधान्ये आणि लिंबू असावे. पोटभर, लोह-कॅल्शियमयुक्त जेवण हे शिशाविरुद्धचे एक संरक्षण आहे. बॅटरी, भंगार, रंग किंवा सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायातील मंडळींनी कामाचे कपडे दुकानातच बदलून, हातपाय धुऊन मगच मुलांना जवळ घ्यावे. बापाच्या प्रेमाबरोबर त्याच्या सदऱ्यावरची धूळ मुलाच्या वाट्याला येऊ नये.

बागेत जेथे जमीन उघडी पडली असेल, तेथे हिरवळ, लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. झोपाळ्यांना रंग देताना शिसेरहित असल्याची नोंद असलेलाच डबा वापरावा आणि जुना रंग खरवडताना खाली कापड अंथरून पोपडे गोळा करावेत. वाळूचा खड्डा रात्री झाकून ठेवावा.

समाजातील दानशूर कुटुंबांनी आजवर पाणपोया, धर्मशाळा, रुग्णालये आणि उद्याने उभारली. यापुढे उद्यानासाठी रक्कम देताना अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत मातीची तपासणी आणि स्वच्छ मातीचा थर यांची तरतूद करावी, झोपाळा आणि पाटी त्यानंतरच्या ओळींत यावी. मातीवर झालेला हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी कोणाला दिसणार नाही, त्याचे छायाचित्रही निघणार नाही. परंतु त्या बागेत खेळून मोठ्या होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाडांत आणि बुद्धीत तो जमेच्या बाजूला राहील.